जॉन बॉइड डनलॉप : चाकात हवा भरणारा पशुवैद्य

डनलॉप हे नाव भारतीयांना नवे नाही. महाराष्ट्रातील अनेक घरांमध्ये फोमच्या गादीला आजही सरसकट डनलॉपची गादी म्हटले जाते. उत्तर भारताच्या काही भागांत हवेच्या टायरांवर चालणारी बैलगाडी डनलप या नावाने ओळखली जाते. कोलकात्याच्या उत्तर भागातील एका गजबजलेल्या चौकालाही हेच नाव आहे. ज्या गृहस्थाचे हे नाव, तो मात्र कारखानदार नव्हता आणि अभियंताही नव्हता. जॉन बॉइड डनलॉप हे व्यवसायाने पशुवैद्य होते. त्यांच्या आयुष्यातील बहुतेक उमेदीची वर्षे घोडे आणि गुरे यांच्यावर उपचार करण्यात गेली. चाकाशी त्यांचा संबंध आला तो वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या निमित्ताने.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांची प्रकृती नाजूक समजली जात असे. शेतीच्या कष्टांपेक्षा शिक्षणाकडे त्यांचा ओढा होता. एडिंबरोच्या डिक पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि विशीच्या आतच ते पशुवैद्य म्हणून पात्र ठरले. सुमारे दहा वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यानंतर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. डाउनपॅट्रिक येथे भावासोबत आणि पुढे बेलफास्ट येथे त्यांनी व्यवसायाचा जम बसवला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक मानला जात होता. पत्नी मार्गारेट, एक मुलगी आणि एक मुलगा असे त्यांचे सुस्थितीतील कुटुंब होते. येथवरचे हे चरित्र कोणत्याही यशस्वी ग्रामीण वैद्याचे असावे असेच आहे.

त्या काळातील बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे होते आणि त्यांतून ट्रामचे रूळ गेलेले होते. बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव असते तशीच घोडागाड्यांच्या चाकांनाही असे. सायकलींच्या चाकांवर ठोकळ रबराची पट्टी बसवलेली असे. ही पट्टी लोखंडापेक्षा थोडी बरी, इतकेच. खडा आला की संपूर्ण सायकल, स्वारासकट, उचलली जाई आणि पुन्हा आदळे. डनलॉप यांचा दहा वर्षांच्या आसपासचा मुलगा जॉनी अशाच रस्त्यांवर तीनचाकी सायकल चालवीत असे. हे धक्के कसे कमी करता येतील, असा विचार वडिलांच्या मनात घोळू लागला. सायकल धावताना होणारा त्रास ही त्यांच्या मते केवळ स्वाराच्या आरामाची बाब नव्हती. प्रत्येक धक्क्यात पुढे जाण्याची शक्ती वाया जाते, हे त्यांच्या लक्षात आले होते.

ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी घराच्या अंगणात पहिला प्रयोग केला. रबराचे काम त्यांना ठाऊक होते. पातळ रबरी पत्र्यापासून त्यांनी स्वतः एक नळी तयार केली आणि ती लाकडाच्या एका गोल तबकडीच्या कडेभोवती कापडाच्या आवरणात घट्ट बसवली. नळीत हवा भरली ती फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या साध्या पंपाने. हवा आत कोंडून ठेवण्याची सोयही फुटबॉलसारखीच होती. भरण्याची बारीक नळी पिळून बांधून टाकायची. त्यानंतर त्यांनी ही तबकडी आणि मुलाच्या सायकलीचे जुने चाक सारख्याच जोराने अंगणात सोडले. जुने चाक थोड्या अंतरावर गेल्यावर कलंडले. हवेचे चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलट फिरले. प्रयोगशाळा नाही, मोजमाप नाही, साक्षीदार घरचेच. तरीही निष्कर्षाबद्दल शंका उरली नाही.

या प्रयोगामागचे शास्त्र समजण्यास अवघड नाही. ठोकळ रबराचे चाक खड्यावर चढते तेव्हा वाहनाचे सगळे वजन वर उचलावे लागते. हवेचा टायर त्या खड्याला आपल्या पोटात सामावून घेतो आणि चाकाचा आस जवळपास आहे त्याच उंचीवर पुढे सरकतो. वजन पेलते ती आत दाबून बसवलेली हवा. रबर आणि कापड तिला केवळ कोंडून धरतात. म्हणूनच टायर चांगला असून भागत नाही. आत हवा किती आहे यावर सारे अवलंबून असते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र डनलॉप यांच्या अंगणात सापडलेले नव्हते.

पुढील वर्षाच्या आरंभी जॉनीच्या सायकलीच्या मागील दोन्ही चाकांवर हवेचे टायर बसवण्यात आले. मग मोठ्या सायकलींसाठी टायर तयार झाले आणि दक्षिण बेलफास्टमधील चेरीव्हेल क्रीडांगणावर त्यांची चाचणी झाली. डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते मंजूर झाले. बेलफास्टमधील एडलिन यांच्या कारखान्यात हवेच्या टायरांच्या सायकली तयार होऊ लागल्या. ही वेळ मोठी मोक्याची होती. पुढे प्रचंड आणि मागे चिमुकले चाक असलेली धोकादायक सायकल मागे पडून दोन सारख्या आकाराच्या चाकांची सुरक्षित सायकल नुकतीच रुळू लागली होती. लहान चाकांना रस्त्याचे धक्के अधिक जाणवतात, त्यामुळे हवेच्या टायराची गरज याच सायकलीला सर्वांत जास्त होती.

तरीही लोकांना हे जाडजूड टायर विचित्र वाटले. त्यांची चेष्टा झाली. ती थांबवली विली ह्यूम या सायकलपटूने. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा हा कर्णधार हवेच्या टायरांची सायकल विकत घेणारा पहिला ग्राहक होता. त्याने हीच सायकल घेऊन शर्यतीत उतरावे, असे डनलॉप यांनी त्याला सुचवले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत ह्यूमने सायकलींच्या चारही शर्यती जिंकल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूल येथेही त्याने एक वगळता सर्व शर्यती जिंकल्या. पराभूत स्पर्धकांमध्ये डब्लिनचे उद्योजक हार्वे ड्यू क्रॉस यांचे मुलगे होते. मुलांच्या पराभवातून वडिलांनी व्यापाराची संधी हेरली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली, आणि डनलॉप यांनी आपले पेटंटचे हक्क थोडी रोख रक्कम व मर्यादित समभाग यांच्या मोबदल्यात तिच्या स्वाधीन केले.

यानंतर जे घडले त्याने डनलॉप यांच्या आयुष्याला वेगळेच वळण दिले. पेटंट मिळून जेमतेम दोन वर्षे झाली असताना ते अवैध असल्याचे त्यांना कळवण्यात आले. हवेच्या चाकाची कल्पना त्यांच्या आधी दुसऱ्याच एका स्कॉटिश माणसाने नोंदवलेली होती. स्टोनहेवन येथील रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ब्रिटनमध्ये आणि त्यानंतर फ्रान्स व अमेरिकेतही असे पेटंट घेतले होते. चामड्याच्या आवरणात रबरी नळी बसवलेली ही चाके १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना लावून दाखवण्यातही आली होती. परंतु त्या काळात रबर महाग होते, सायकल अस्तित्वात नव्हती आणि घोडागाडीच्या मालकाला या खर्चाची गरज वाटली नाही. थॉमसन यांनी स्वतःच ही कल्पना बाजूला ठेवली आणि ते ठोकळ रबराच्या धावांकडे वळले. त्यांच्या रबरी धावांच्या वाफेच्या गाड्या पुढे १८७० च्या दशकात पंजाबमधील रस्त्यांवरही चालवून पाहण्यात आल्या. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा हवेच्या चाकाची आठवण जवळपास पुसली गेली होती.

डनलॉप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते. कायद्याला मात्र अजाणतेपणाशी कर्तव्य नसते. पेटंट गेले. पहिला शोध कोणाचा, याविषयी खरे तर वाद नाही; कल्पना थॉमसन यांचीच होती. पण ती रस्त्यावर आणून, तिच्यावर माणसे बसवून, जगाला तिची सवय डनलॉप यांनी लावली. दोघांमध्ये श्रेयाची वाटणी करताना या दोन गोष्टींची गल्लत होते आणि एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला नाकारले जाते. ते दोघांवरही अन्याय करणारे आहे.

कंपनी तगली ती इतरांच्या शोधांमुळे. डनलॉप यांचा मूळ टायर कापड आणि रबराचा द्राव वापरून चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झाले तर तो उकलून पुन्हा चिकटवण्यात तासन् तास जात. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार घातलेला आणि विल्यम बार्टलेट यांनी चाकाच्या कडेत अडकणारा टायर शोधून काढला. हे दोन्ही हक्क कंपनीने कालांतराने मिळवले. टायर हाताने काढता-घालता येऊ लागला तेव्हा कुठे पंक्चर काढणे हे सामान्य माणसाच्या आवाक्यातील काम झाले. डब्लिनमधील कारखान्यातून येणाऱ्या रबराच्या व द्रावाच्या उग्र वासाबद्दल तक्रारी होऊ लागल्याने काम पुढे इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे हलवावे लागले.

हवा भरण्याची आणि कोंडून ठेवण्याची अडचण सोडवली चार्ल्स वूड्स यांनी, १८९१ मध्ये. धातूच्या पोकळ खिळीला बाजूने छिद्र आणि त्यावर घट्ट बसणारी बारीक रबरी नळी, अशी त्यांच्या व्हॉल्व्हची रचना होती. पंपाचा जोर आला की रबर फुगून हवा आत जाते, जोर थांबला की रबर पुन्हा छिद्राला चिकटते. भारतातील साध्या सायकलींमध्ये हाच व्हॉल्व्ह आजही दिसतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानात वालट्यूब म्हणून जी रबरी नळी मिळते, ती याच व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह वूड्स यांचा असूनही अनेक देशांत तो डनलॉप व्हॉल्व्ह या नावानेच ओळखला जातो. थॉमसन यांच्या बाबतीत झाले त्याचीच ही लहानशी पुनरावृत्ती म्हणावी लागेल.

या व्हॉल्व्हमध्ये एक उणीव होती. आतली हवा बाहेर येऊ देण्यास तो तयार नसल्याने टायरमधील दाब बाहेरून मोजता येत नाही. पंपावर मापक बसवले तरी त्यात टायरच्या दाबाबरोबर रबरी नळीचा अडसरही मोजला जातो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. म्हणून सायकलस्वार अंगठ्याने टायर दाबून अंदाज घेत. सायकलीला तेवढे पुरते, मोटारीला पुरत नाही. न्यूयॉर्कमधील ऑगस्ट श्रेडर यांच्या उद्योगाने १८९३ मध्ये पेटंट घेतलेल्या व्हॉल्व्हमध्ये मधोमध स्प्रिंगची खिळी असते. ती दाबली की आतली हवा बाहेर येऊ शकते आणि मापकाला टायरमधील खरा दाब कळतो. आज मोटारी आणि मोटारसायकलींना सर्वत्र हाच व्हॉल्व्ह असतो. मापकाचा गाभा त्याहून जुना आहे. फ्रान्सचे युजीन बूर्डां यांनी १८४९ मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी चपट्या, वाकवलेल्या नळीचा दाबमापक तयार केला होता. दाब वाढला की ही नळी सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. घरगुती पंपावरील काट्याच्या तबकडीत बहुधा हीच नळी दडलेली असते.

डनलॉप यांच्या अंगणात निरुत्तर राहिलेला हवेच्या प्रमाणाचा प्रश्न घरी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे आजही असतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारणतः दर चौरस इंचाला ३० ते ३५ पौंड इतका दाब लागतो आणि नेमका आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीजवळील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. दाब कमी असेल तर टायरच्या बाजू वारंवार दुमडतात, तापतात आणि कडा झिजतात. फार जास्त असेल तर मधला भाग झिजतो आणि रस्त्यावरची पकड कमी होते. गाडी धावली की टायर गरम होऊन आतला दाब वाढतो, त्यामुळे मोजणी सकाळी, गाडी काढण्यापूर्वी करावी. घरासाठी पंप घेताना मापकाची तबकडी पाहणे श्रेयस्कर ठरते. ३० चा आकडा तबकडीच्या मध्याच्या आसपास असावा. दीडशे किंवा दोनशेपर्यंत आकडे असलेल्या तबकडीवर दोन-तीन पौंडांचा फरक डोळ्यांना कळतच नाही. हवा भरत असताना काटा जास्त दाखवतो, म्हणून पंप थांबवून आकडा वाचावा. सायकलीच्या बारीक पंपाने मोटारीचा दाब गाठता येतो, परंतु प्रत्येक दट्ट्याला हवा इतकी थोडी जाते की भरणारा दमून जातो. पायाने दाबण्याचा जाड नळकांड्याचा पंप किंवा गाडीच्या बारा व्होल्टच्या जोडणीवर चालणारा विजेचा पंप हे काम सहज करतो. विजेचे लहान पंप लवकर तापतात, त्यामुळे दोन टायर भरल्यावर त्यांना विसावा द्यावा लागतो. मापक कितीही नवे असले तरी वर्षातून एखाद्या वेळी विश्वासाच्या दुसऱ्या मापकाशी ताडून पाहावे.

मोटारीपर्यंत हवेचा टायर पोहोचवण्यात डनलॉप यांचा थेट वाटा नव्हता. ते काम फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवरील मोटार उतरवून केले. वारंवार पंक्चर होऊन त्यांची गाडी ठरलेल्या वेळेत पोहोचू शकली नाही, पण हवेच्या टायरांवर मोटार धावू शकते हे सिद्ध झाले. याच सुमारास डनलॉप कंपनीच्या कारभारातून बाहेर पडले होते. १८९६ मध्ये ड्यू क्रॉस यांनी हा सगळा व्यवसाय टेरा हूली या वित्तव्यवहारी गृहस्थांना ३० लाख पौंडांना विकला आणि हूली यांनी तो थोड्याच अवधीत ५० लाख पौंडांना जनतेसमोर आणला. त्या काळात ही रक्कम थक्क करणारी होती. ज्यांच्या अंगणात या सर्वाची सुरुवात झाली त्यांच्या वाट्याला या संपत्तीतील फारच थोडा भाग आला. डनलॉप दरिद्री झाले असे मात्र समजू नये. ते डब्लिनला स्थायिक झाले होते, तेथील कापडाच्या एका मोठ्या पेढीच्या कारभारात लक्ष घालत होते आणि सुखवस्तू वस्तीत राहत होते.

पैशापेक्षा त्यांना लागले ते दुसरेच. नाव कंपनीकडे गेले होते, आणि चेहराही. दाढीधारी डनलॉप यांची प्रतिमा कंपनीने आपले व्यापारचिन्ह म्हणून वापरली होती आणि त्यास त्यांची संमती होती. कालांतराने जाहिरातींमध्ये त्यांच्याच चेहऱ्याखाली भलत्याच माणसाचे शरीर दिसू लागले. उंच पांढरी टोपी, पांढरे जाकीट, हातावर काठी अडकवलेला, नटवा, छानछोकी गृहस्थ. आयुष्यभर साधेपणाने राहिलेल्या वृद्ध पशुवैद्याला हे असह्य झाले. आपलेच नाव धारण करणाऱ्या कंपनीविरुद्ध त्यांनी आयर्लंडमध्ये बदनामीचा दावा लावला. कंपनी इंग्लंडमधील असल्याने आयर्लंडच्या न्यायालयाला हा दावा ऐकण्याचा अधिकार आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला आणि प्रकरण ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. निर्णय डनलॉप यांच्या बाजूने लागला. डनलॉप विरुद्ध डनलॉप असे शीर्षक लाभलेला हा खटला कोणत्या न्यायालयाने कोणाविरुद्धचा दावा ऐकावा, या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

हा निकाल लागला तेव्हा डनलॉप यांनी ऐंशी वर्षे गाठली होती. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. शहरानजीकच्या डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. हवेच्या टायराचा इतिहास त्यांनी आपल्या परीने लिहून ठेवला होता. तो त्यांच्या निधनानंतर मुलीच्या प्रयत्नाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

भारतात डनलॉप कंपनीने पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंज येथे १९३६ मध्ये टायरांचा कारखाना सुरू केला. देशातील टायरनिर्मितीची सुरुवात म्हणून त्याचा उल्लेख होतो. हजारो कुटुंबांचा आधार असलेला हा कारखाना अनेक मालकांच्या हातांतून गेला आणि अखेर बंद पडला. बैलगाडीसाठी हवेचे टायर तयार होऊ लागल्याने लोखंडी धावेवर ओढावे लागणारे ओझे बैलांना हलके झाले. जन्मभर जनावरांवर उपचार केलेल्या माणसाच्या नावाने ही गाडी ओळखली जावी, हा योगायोग उत्तरेकडील शेतकऱ्यांच्या बहुधा ध्यानीही नसेल.

डनलॉप यांनी तयार केलेला १८८८ मधील टायर एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवण्यात आला आहे. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. त्यात पांढरी टोपी नाही आणि काठीही नाही. लांब दाढी असलेला, गंभीर चेहऱ्याचा पशुवैद्य तेवढा आहे.